उन्हाळ्यांत समुद्राच्या माशांची टाकी

समुद्र आमच्या सिहोऱ्यापासून इतका दूर आहे कीं, येथील बहुतेक मुलांनीं तो चित्रांतच पाहिलेला असतो. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा म्हणून प्रसिद्ध आहे. मरळ, मागूर, रोहू हे मासे येथील लहान मूलही नांवानें ओळखतें. परंतु खाऱ्या पाण्यांतील मासा घरांत जिवंत ठेवावयाचा, ही कल्पना एका पिढीपूर्वीं येथें कोणाच्या मनांतही आली नसती. आतां तसें राहिलेलें नाहीं. मोठ्या शहरांच्या बाजारांत कांचेच्या टाक्या मिळतात, समुद्राच्या मिठाचीं पाकिटें मिळतात, आणि २००३ सालीं निघालेल्या 'फाइंडिंग नीमो' या बोलपटानें नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा मुलांच्या इतका ओळखीचा करून ठेविला आहे कीं, त्याच्यासाठीं हट्ट धरला जाणें स्वाभाविकच आहे. हिवाळ्यांत मोठ्या हौसेनें टाकी मांडली जाते. चैत्र सरतां सरतां मासे धापा टाकूं लागतात. "आमच्या उन्हांत ही टाकी निभावेल काय?" असा प्रश्न पालकांकडून आम्हांस वारंवार येतो. त्याचें उत्तर आम्ही येथें सविस्तर देत आहों, कारण त्यांत पदार्थविज्ञानाचा एक सुंदर धडा दडलेला आहे, आणि तो नीट न समजल्यास कांहीं मुक्या जिवांचे प्राण जातात.

उत्तर ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. टाकी निभावते, इतकेंच नव्हे, तर वैशाखांतील कोरड्या उन्हांत ती मुंबईतील टाकीपेक्षांही सहज थंड ठेवितां येते. खरा धोका पारा पंचेचाळीस अंशांवर चढलेला असतो तेव्हां नसून तो उतरूं लागल्यावर येतो. हें कसें, तें समजण्यासाठीं प्रथम मासा व पाणी यांचा संबंध पाहिला पाहिजे.

समुद्र हा फार मोठा व फार संथ पदार्थ आहे. कोकणच्या किनाऱ्यालगत वरच्या थरांतील पाण्याची उष्णता वर्षभर साधारणतः २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असते, आणि दिवस व रात्र यांत तिच्यांत बहुधा एका अंशाचाही फरक पडत नाहीं. उलट आमच्याकडे मे महिन्यांत पहांटे २८ अंश असलेली हवा दुपारीं ४४-४५ अंशांवर जाते. ज्या प्राण्याच्या सात पिढ्यांनीं एका दिवसांत दोन अंशांचा चढउतार अनुभविला नाहीं, त्याला शंभर लिटरच्या पेटींत घालून आपण या हवेंत आणून ठेवितों. माशाच्या शरीराला आपल्यासारखी स्वतःची उष्णता राखतां येत नाहीं. भोंवतालचें पाणी जितकें तापेल तितकेंच त्याचें रक्त तापतें. रक्त तापलें कीं शरीरांतील सर्व व्यापार जलद होतात व प्राणवायूची गरज वाढते. आणि नेमक्या त्याच वेळीं पाण्यांतील प्राणवायु कमी होतो, कारण पाणी जितकें उष्ण तितका त्यांत वायु कमी विरघळतो. पंचवीस अंशांच्या गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्यें फार तर सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तितक्याच उष्णतेच्या समुद्राच्या पाण्यांत मिठामुळें तो पावणेसात मिलिग्रॅमच मावतो. आणि तें पाणी तीस अंशांवर गेलें कीं जेमतेम सहाच्या वर राहतो. खर्च वाढावा आणि मिळकत घटावी, अशी ही अवस्था आहे. तापलेल्या टाकींतील मासे उष्णतेनें जितके मरतात, त्याहून अधिक गुदमरून मरतात.

ही गोष्ट आमच्या मुलांना नवीन नाहीं. फक्त तिचा अर्थ त्यांनीं लावलेला नसतो. आमच्या भागांत गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनीं बांधलेले जुने तलाव आहेत. मालगुजारी १९५१ सालीं संपल्यानंतर त्यांना माजी मालगुजारी, म्हणून 'मामा तलाव', असें गमतीचें नांव पडलें आहे. उन्हाळ्यांत असा तलाव आटून डबक्यासारखा झाला म्हणजे पहांटे त्याच्या कांठीं उभें राहावें. रोहू व कटला पाण्याच्या पृष्ठाशीं तोंड आणून 'पच् पच्' असा आवाज करीत असतात. रात्रभर पाण्यांतील शेवाळानेंही प्राणवायु वापरलेला असतो, म्हणून पहांटेची वेळ सर्वांत कठीण. त्याच डबक्यांत मरळ व मागूर मात्र निश्चिंत असतात, कारण पाण्याबाहेरील हवा घेण्याचें एक जादा इंद्रिय त्यांना लाभलेलें आहे. आमच्या ढिवर बांधवांना हें पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. म्हणून तर मरळ ओल्या कापडांत गुंडाळून बाजारांत जिवंत नेतां येतो. समुद्रांतील विदूषक माशाला असें इंद्रिय नाहीं. त्याला मरळीचा न्याय लावूं नये.

आतां थंड करण्याच्या विद्येकडे वळूं.

माठांतील पाणी कां निवतें, हें सातवीच्या मुलाला विचारलें तर तो "बाष्पीभवनामुळें" असें एका शब्दांत सांगून मोकळा होतो. शब्द बरोबर आहे, पण त्याची किंमत त्याला ठाऊक नसते. ती किंमत अशी. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जितकी उष्णता लागते, तिला आपण या लेखापुरती एक 'मात्रा' म्हणूं. एक लिटर पाण्याची साध्या हवेंत वाफ होण्यास सुमारें ५८० मात्रा लागतात. ही उष्णता चुलींतून येत नाहीं; ती मागें राहिलेल्या पाण्यांतून काढून घेतली जाते. म्हणजे शंभर लिटरच्या टाकींतून एक लिटर पाणी उडून गेलें, तर राहिलेलें पाणी जवळजवळ सहा अंशांनीं निवलें पाहिजे. बाहेरून उष्णता आंत येत राहते म्हणून प्रत्यक्षांत तितकें निवत नाहीं, हें उघड आहे.

याच्याशेजारीं बर्फाचा हिशेब मांडून पाहावा. एक लिटर पाण्याचा बर्फ वितळतांना ८० मात्रा घेतो, आणि त्याचें पाणी टाकीइतकें, म्हणजे २७-२८ अंशांपर्यंत, तापतांना आणखी २७-२८ घेतें. एकूण सुमारें १०८ मात्रा. शंभर लिटरच्या टाकींत बर्फाची एक बाटली बुडविली, तर पाणी एका अंशानें उतरतें, अधिक नाहीं. तेंच पाणी बाटलींत गोठविण्याऐवजीं टाकीवरून उडून जाऊं दिलें, तर पांचपटींहून अधिक काम करतें. आणि त्यासाठीं शीतकपाट चालवावें लागत नाहीं. हें शीतकपाट आपल्या पाठीमागून तीच उष्णता, शिवाय आपल्या यंत्राची उष्णता, स्वयंपाकघरांत सोडीत असतें हेंही विसरूं नये. खोलींतील हवा ३८ अंश व टाकींतील पाणी २७ अंश असेल, तर शंभर लिटरच्या टाकींत कांचेंतून व पृष्ठावरून तासाला ७० ते ९० मात्रा शिरतात असा आमचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे केवळ बर्फावर भिस्त ठेवणाऱ्यानें भर दुपारीं जवळजवळ दर तासाला एक बाटली बदलीत बसावें! दोन दिवस हा उत्साह टिकतो. तिसऱ्या दिवशीं झोप लागते.

तेव्हां मुख्य साधन म्हणजे पंखा. टाकीवरील कांचेचें झांकण काढून त्याजागीं बारीक जाळी बसवावी, कारण घाबरलेला मासा उडी मारून बाहेर पडतो व मांजर त्याची वाटच पाहात असतें. मग लहानसा पंखा असा लावावा कीं, त्याचा वारा पाण्याच्या पृष्ठावरून तिरकस सरकत जाईल. संगणकांत वापरतात ते बारा व्होल्टचे लहान पंखे या कामास उत्तम, कारण खारें पाणी आणि घरांतील २३० व्होल्टची वीज यांची गांठ पडणें जीवघेणें असतें. ज्या घरांत टाकीजवळ मोठ्या विजेचें कांहींही उपकरण असेल, तेथें गळती होतांच वीज तोडणारी कळ बसविल्याशिवाय मुलांना टाकींत हात घालूं देऊं नये. हें आम्ही पालकांस विशेष आग्रहानें सांगतों. तारेचा एक झोल टाकीच्या पातळीखालीं सोडून मग ती वर बटणापर्यंत न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी बटणांत न जातां खालीं टपकतें.

पण पंखा पाणी किती थंड करूं शकतो, याला मर्यादा आहे. आणि या विषयाचें मर्म याच मर्यादेंत आहे. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या बुंध्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा आणि दोघांनाही पंख्याच्या वाऱ्यांत टांगा. कोरड्या तापमापकाचा पारा हवेची उष्णता दाखवील. ओल्याचा पारा उतरत उतरत एका ठिकाणीं थांबेल. वाऱ्यानें पाणी उडवून उडवून त्या हवेंत जितकें थंड करतां येईल, त्याची ती शेवटची पायरी होय. शंभर पंखे लावले तरी टाकीचें पाणी त्याखालीं जाणार नाहीं. हवा कोरडी असेल तर हा 'ओला पारा' फार खालीं उतरतो. हवेंत आधींच ओलावा असेल तर थोडासाच उतरतो.

आतां आंकडे पाहावे. मे महिन्यांत आमच्याकडे दुपारची हवा ४४ अंश आणि तिच्यांतील आर्द्रता शेंकडा १५ असेल, तर ओला पारा सुमारें २३ अंशांवर थांबतो. म्हणजे अंगाची लाही करणाऱ्या त्या लूमध्यें टाकीचें पाणी २६-२७ अंशांवर राखणें शक्य आहे. त्याच दिवशीं मुंबईस हवा ३३ अंश, पण आर्द्रता शेंकडा ७० असली, तर ओला पारा सुमारें साडेअठ्ठावीसच्या खालीं जात नाहीं. तेथील माणसाला आमच्यापेक्षां अकरा अंश कमी ऊन लागतें, पण त्याच्या माशाला आमच्या माशापेक्षां उष्ण पाण्यांत राहावें लागतें! जी लू आपण शत्रु मानतों, तीच येथें उपयोगी पडते. विदर्भांतील लोकांस हें तत्त्व शिकवावें लागूं नये. ज्या कूलरसमोर आपण दुपार काढतों, तो दुसरें काय करतो?

आणि त्याच कूलरची दुसरी गोष्टही सर्वांस ठाऊक आहे. नवतपा संपतो, मृग लागतो, आकाशांत ढग जमतात, पण पाऊस येत नाहीं. पारा ४५ वरून ३८ वर उतरलेला असतो. घरोघरीं "आतां उन्हाळा सरला" असें म्हणतात, आणि तरीही कूलर लावला कीं अंग चिकचिकतें व जीव घाबरा होतो. त्या दिवसांत हवा ३८ अंश व आर्द्रता शेंकडा ५० असेल, तर ओला पारा २९ अंशांवर असतो. नवतप्यांत जी टाकी पंख्यानें २७ अंशांवर राहिली, ती आतां त्याच पंख्यानें तीसच्या वर जाते. हवा सात अंशांनीं थंड झाली आणि टाकी तीन-चार अंशांनीं तापली, हें ज्याला समजलें नाहीं तो पंखा बिघडला म्हणून शोध करीत बसतो. सिहोऱ्यांतील टाकीचा खरा कठीण पंधरवडा हाच. बर्फाच्या बाटल्या मे महिन्यांत उधळूं नयेत. त्या या पंधरवड्यासाठीं राखून ठेवाव्या. बाटली पक्क्या झांकणाची असावी, म्हणजे आंतील गोडें पाणी टाकींत मिसळत नाहीं. पाणी तासाला एका अंशाहून अधिक वेगानें उतरवूं नये. घाबरून एकदम चार बाटल्या टाकणारा मनुष्य माशाला दुसरा धक्का देतो, आणि तो पहिल्याहून वाईट ठरतो.

वाफेबरोबर मीठ जात नाहीं, ही गोष्ट गोड्या पाण्याची टाकी ठेवणारांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतें. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरांत साडेतीन किलो झाले. पंख्यामुळें दिवसाला दोन लिटर पाणी उडत असेल व पांच दिवस कोणी पाणी घातलें नाहीं, तर नव्वद लिटरांत तेच साडेतीन किलो क्षार राहिले, म्हणजे लिटराला जवळजवळ ३९ ग्रॅम झाले. आणि पाणी कमी झालें म्हणून कोणी खाऱ्या पाण्यानेंच टाकी भरली, तर क्षार वाढतच जातात. उडालें तें गोडें पाणी. तेव्हां भरावयाचें तेंही गोडेंच. तें शुद्ध केलेलें असावें, विहिरीचें किंवा बोअरचें नसावें, कारण त्यांतील चुना व इतर क्षार टाकींत सांचत राहतात. कांचेवर एक रेघ ओढून ठेवावी व सकाळ-संध्याकाळ थोडें थोडें घालून पातळी त्या रेघेवर आणावी. मुलांसाठीं याहून चांगलें नित्याचें काम नाहीं. स्वयंपाकघरांतील मीठ टाकींत घालून समुद्र होईल अशी समजूत कोणाची असल्यास तीही येथेंच दूर करावी. समुद्राच्या क्षारांत साधें मीठ सुमारें तीन चतुर्थांश असतें; बाकीच्या भागांत मॅग्नेशियम, चुना, गंधकाचे क्षार इत्यादि असतात, आणि त्यांवांचून समुद्रांतील जीव जगत नाहीं.

क्षार न वाढवितां बाष्पीभवनाचा लाभ घेण्याची एक युक्ति आहे, आणि ती आमच्या आजीबाईंच्या सुरईवरील ओल्या फडक्याचीच आहे. टाकीच्या मागील व बाजूच्या कांचांना जाड सुती कापड चिकटवून तें गोड्या पाण्यानें ओलें ठेवावें व त्यावरून वारा जाऊं द्यावा. उडतें तें फडक्यांतील पाणी. थंड होते ती कांच. कांच मातीसारखी सच्छिद्र नसल्यानें लाभ माठाइतका होत नाहीं, पण पंख्याच्या जोडीला अंशभर मदत होते. मात्र टाकीखालीं पन्हळ किंवा थाळी हवी, नाहीं तर घरांतील मंडळींचा टाकीवरील लोभ लवकर आटतो.

जागेविषयीं थोडक्यांत. पश्चिमेच्या भिंतीशीं टाकी ठेवूं नये. पत्र्याच्या छपराखालीं तर मुळींच नको. आमच्या गांवांतील जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती व कौलें हीं या कामीं नव्या सिमेंटच्या माडीपेक्षां किती तरी सरस आहेत, आणि जुन्या घरांची लाज बाळगणाऱ्या मुलांनीं एकदां दोन्हीकडे तापमापक टांगून पाहावा. कूलर असलेल्या खोलींत टाकी ठेवल्यास खोली थंड राहते हें खरें, परंतु कूलरचा वारा आधींच ओला असल्यामुळें टाकीवरील पंख्याचा जोर कमी होतो. दोन्ही उपायांची शेवटची पायरी एकच, ती म्हणजे ओला पारा. त्यांची बेरीज होत नाहीं. खिडकी मात्र उघडी पाहिजे, कारण बंद खोलींत कूलर लावणें म्हणजे मेमध्यें आपल्या हातानें मृगाचा दमटपणा आणणें होय.

टाकीच्या आंतच उष्णता उत्पन्न करणारीं साधनें असतात, हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें. पाण्यांत बुडवून ठेवलेला वीस वॅटचा पंप तासाला सतरा मात्रा पाण्यांत सोडतो. चोवीस तासांत त्या चारशेंवर जातात. बाहेर जाण्यास वाट नसती तर शंभर लिटर पाणी त्यानें एका दिवसांत चार अंशांनीं तापविलें असतें. म्हणून उन्हाळ्यांत मोटर पाण्याबाहेर असलेला पंप बरा. दिवेही दुपारीं न लावतां सूर्यास्तानंतर लावावे. माशाला दिवस आपल्या घड्याळाप्रमाणेंच उगवला पाहिजे असा त्याचा आग्रह नसतो. खाणें कमी करावें. उरलेलें अन्न उष्णतेंत लवकर कुजतें, त्यांतून अमोनिया निघतो, आणि समुद्राच्या पाण्यांत तो उष्णतेबरोबर अधिक विषारी होतो. उपाशी मासा आठवडाभर तग धरतो. गुदमरलेला तासभरही धरीत नाहीं.

वीज गेली तर काय? आणि ती उन्हाळ्यांत, नेमकी वादळी सायंकाळीं, जाणारच. पंखा थांबला तरी पाणी लगेच तापत नाहीं, पण हवेचे बुडबुडे थांबले कीं प्राणवायूची घट लगेच सुरू होते. विजेरीच्या घटावर चालणारा हवेचा लहान पंप थोडक्या पैशांत मिळतो. तो टाकी घेण्यापूर्वींच घरांत आणून ठेवावा. तोही नसेल तर लोट्यानें टाकींतील पाणी काढून हातभर उंचीवरून पुन्हां टाकींत ओतीत राहावें. या रीतीनें हवा पाण्यांत मिसळते. काम कंटाळवाणें आहे, पण चार भावंडें पाळीपाळीनें करूं लागलीं तर रात्रही निघून जाते.

श्रीमंत घरांत पाणी थंड करण्याचें विजेचें यंत्र घेतात. तें शीतकपाटाच्या तत्त्वावर चालतें, ओल्या पाऱ्याची मर्यादा त्याला नसते, आणि ज्यांना तें व त्याचें विजेचें देयक परवडतें त्यांनीं खुशाल घ्यावें. तेंही वीज गेली कीं थांबतेंच.

समुद्रांतील जीव कांचेआड राखण्याची विद्या फार जुनी नव्हे. इंग्लंडांत लंडन येथील प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं पहिलें मत्स्यालय १८५३ सालीं उघडलें. त्यामागें फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचे परिश्रम होते. आपल्या देशांत मद्रासेस समुद्रकिनाऱ्यावर १९०९ सालीं मत्स्यालय निघालें, आणि मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें. या दोन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान होती. समुद्र दारांत होता. पाणी हवें तेव्हां बदलतां येत होतें. आमच्याकडे पाणी पाकिटांतून येतें व मासा पिशवींतून. बिघडलें तर बदली मिळावयास आठवडा लागतो. म्हणून येथें टाकी ठेवणारानें पहिलें वर्ष दोन-तीन माशांपुरतेंच समाधान मानावें, टाकी मोठी घ्यावी व मासे थोडे ठेवावे. मोठ्या पाण्याला तापण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळांत आपल्याला कांहीं करतां येतें. विदूषक माशाची पैदास आतां हौदांत होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेंही तिची रीत बसविली आहे. तेव्हां समुद्रांतून धरलेला मासा न घेतां हौदांत जन्मलेलाच मागून घ्यावा. तो कांचेला व कोरड्या अन्नाला सरावलेला असतो.

पोंवळें मात्र घेऊं नये. आपल्या समुद्रांतील पोंवळीं व समुद्रघोडे यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचें कडक संरक्षण आहे. तीं घरांत बाळगणें हा गुन्हा आहे. शिवाय उष्णतेच्या बाबतींत पोंवळ्याइतका नाजूक जीव दुसरा नाहीं. नेहमींच्या उन्हाळ्याहून समुद्र एकच अंश अधिक तापला व कांहीं आठवडे तसा राहिला, तर पोंवळें आपल्या अंगांतील सूक्ष्म शेवाळ टाकून देतें आणि पांढरें पडतें. त्या शेवाळावरच तें जगतें, म्हणून पांढरें पोंवळें म्हणजे उपाशी पोंवळें. लक्षद्वीपच्या बेटांभोंवतीं असें १९९८, २०१० व २०१६ सालीं घडलें. आपल्या मालवणजवळच्या समुद्रांतही पोंवळीं आहेत. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एका अंशानें एवढ्या अफाट समुद्रांत काय होतें हें ज्यानें वाचलें, त्याला आपल्या टाकीवरील तापमापक दिवसांतून तीनदां पाहण्याचा कंटाळा येणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

टाकी घेण्याच्या विचारांत असलेल्या पालकांस आमचें एकच सांगणें आहे. दुकानदार टाकी हिवाळ्यांत दाखवितो, कारण तेव्हां सर्व मासे आनंदांत असतात. आपण टाकी मार्चमध्यें आणावी, तिच्यांत मिठाचें पाणी भरावें, पंखा लावावा, आणि एकही मासा न घालतां सबंध उन्हाळा चालवून पाहावी. सकाळीं सहा, दुपारीं तीन व रात्रीं नऊ वाजतां हवेचा, ओल्या पाऱ्याचा व टाकीचा असे तीन आंकडे वहींत लिहावे. मुलगा जूनपर्यंत वही भरीत राहिला तर मासा आणावा. वही एप्रिलमध्येंच बंद पडली, तर टाकींत गोडें पाणी भरून चांदपूरच्या जलाशयांतील चार लहान मासे ढिवर बांधवांकडून मागून घ्यावे. ते या हवेंतलेच आहेत आणि पाहावयास कमी सुंदर नाहींत.

पाऊस स्थिर झाला म्हणजे हवा ३० अंशांवर व ओला पारा २८ च्या आसपास येतो. टाकीही पंख्यानें तेथेंच राहते, आणि काळजीचे दिवस सरतात. पंखा तरीही बंद करूं नये, वेग मात्र कमी करावा. या दिवसांत चूक होते ती पाणी घालण्यांत. उन्हाळ्याची संवय लागलेली असते, म्हणून मूल रोज तांब्या भरून ओततच राहतें, पाणी रेघेच्या वर जातें, क्षार पातळ होतात, आणि मासा कोपऱ्यांत जाऊन बसतो. रेघ पाहूनच पाणी घालावें. मेमध्यें रोज दोन-अडीच लिटर पिणारी टाकी आषाढांत लिटरभरही मागत नाहीं.